चहाच्या सामन्यातला कप

“हसरा एखादा नव्हता का? ह्यात फारच रागीट दिसतेय.”

पी. टी. मिस शिपायाला विचारत होत्या. हळू आवाजात, पण मला ऐकू येईल इतक्या जवळ उभं राहून. टेबलावर फोटो तुझा होता, शकू. कॉलेजच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा होती आणि ती सुरू व्हायला थोडा अवकाश होता. शिपाई बिचारा शेवंतीचा हार हातात घेऊन उभा होता. हार वरून घालावा तर तुझं कपाळ झाकलं जात होतं, आणि खाली ठेवावा तर मिसना तो उदास वाटत होता.

तुझ्या एकटीचा फोटो कॉलेजकडे नव्हताच. टीमच्या ग्रुप फोटोतून तुला कापून, स्टुडिओतून मोठं करून आणलं होतं. खालच्या कडेला, तुझ्या छातीपाशी, कुणाच्या तरी केसांतला गजरा उरला होता. तो वत्सलाचा. ती तुझ्या पुढे खुर्चीत बसली होती, मांडीवर बेस्ट प्लेयरचा कप घेऊन. कप कात्रीत गेला, गजरा राहिला. आणि रागीट म्हणशील, तर त्या दिवशी तू खरोखरच रागावलेली होतीस. मिसना तुझ्याबद्दल एवढी एकच गोष्ट बरोबर ओळखता आली.

मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं होतं. तुला हसू आलं असतं. हजेरीला मी इतक्या हळू ‘प्रेझेंट’ म्हणायचे की माझी गैरहजेरी लागायची, आणि मागच्या बाकावरून तू ओरडायचीस, “मिस, हाय की ही! जित्ती हाय!” पण माझं इंग्रजी कॉन्व्हेंटचं, आणि प्रिन्सिपॉलबाईंना पाहुण्यांसमोर तेच हवं होतं. काय बोलायचं तेही मिसनी सांगून ठेवलं होतं. तू आनंदी होतीस, खिलाडू होतीस, कॉलेजला तुझा अभिमान होता.

पहिल्या रांगेत तुझे वडील, अण्णा, बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, खुर्चीच्या अगदी कडेवर. पाठ टेकली तर कुणी उठवेल असे.

तू गेल्याच्या आठवड्यात मी के. आर. पुरमला तुमच्या रेल्वे क्वार्टरवर गेले होते. मला वाटलं होतं मी अण्णांचं सांत्वन करीन. त्यांनीच मला कॉफी करून दिली. घरामागून मालगाडी जात होती, फळीवरची भांडी थरथरत होती, आणि अण्णा सवयीनं गाडी संपेपर्यंत गप्प राहिले. मग म्हणाले, “पोरगी लई गुणाची हुती. एकच खोड. मोठेपणा सांगायची. कप माझाच हुता, मला दिला न्हाई, म्हणायची. अगं, कालेजातली एवढी शिकल्याली माणसं. ती कशाला खोटं करतील? ही कमी पडली असंल. पडली तर पडली, पर बापाला खोटं सांगायचं न्हाई.”

रागानं नाही म्हणाले गं. माफ केल्यासारखं म्हणाले. तेच मला सहन झालं नाही. तू गेलीस, आणि तुझ्या बापाच्या मनात तू एक खोटं बोललेली मुलगी म्हणून राहिलीस. तेवढं सोडून बाकी गुणी.

त्या कपावर तुझं काय काय टांगलेलं होतं ते त्या हॉलमध्ये मी सोडून कुणाला ठाऊक होतं? ज्या मुलीला कप, तिचंच नाव कॉलेजकडून युनिव्हर्सिटीच्या टीमसाठी जायचं. युनिव्हर्सिटीकडून खेळलेल्या मुलीला मद्रासच्या शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला जागा मिळायची. अण्णांनी तुला शब्द दिला होता: कप आणलास तर मद्रासला पाठवतो, नाही आणलास तर बी. ए. पुरे, टायपिंग शीक, आम्ही स्थळं बघतो. अण्णांचा शब्द म्हणजे सिग्नल. पडला की पडला.

तुला पहिल्यांदा पाहिलं ते मैदानावरच. व्हॉलीबॉलला मी नाव घातलं होतं ते केवळ डॉक्टरांनी मोकळ्या हवेत जा म्हटलं म्हणून. तू सलवारवर ओढणी कमरेला आवळून, खडूनं पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट घालून नेटपाशी उभी होतीस. कातडी बॉल, शिवणीवर फुगलेला. माझ्या बोटांवर आला तसा मी हात मागे घेतला. तू आलीस, माझी बोटं हातात घेऊन एकेक ओढलीस आणि म्हणालीस, “मराठी काय गं तू? मग भितीस कशाला? बॉल काय चावतो काय?”

पुण्याहून आलेल्या माझ्या आईला तुझी निपाणीची भाषा ऐकून आधी धक्काच बसला होता. तू “मी जातो,” “मी येतो” म्हणायचीस. एकदा मी भीत भीत सुचवलं, बायका ‘जाते’ म्हणतात. तू म्हणालीस, “आमच्यात सगळीच जातो म्हणत्यात. पोचल्याशी मतलब.” आईसुद्धा हसली. मग मल्लेश्वरमला आमच्याकडे आलीस की आई तुझ्यासाठी मुद्दाम तिखट जास्त घालायची आणि बाबा रुमालानं नाक पुसत जेवायचे.

तू बूस्टर होतीस. व्हॉलीबॉल न पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागतं, कारण बूस्टर कुणाला दिसतच नाही. मागून आलेला वेडावाकडा बॉल ती नेटजवळ असा उचलून देते की दुसरीनं उडी मारून तो पलीकडे हाणायचा. टाळ्या हाणणारीला. तू उचललेला बॉल हवेत क्षणभर थांबल्यासारखा वाटायचा. मी राखीव खेळाडू, बाकावर बसून सगळा सीझन तेवढंच पाहिलं. वत्सला कुठे उभी आहे हे बॉलकडून मान न वळवता तुला कळायचं. तिची उडी कमी पडणार असेल तर तू बॉल थोडा खाली ठेवायचीस. ती उशिरा निघाली तर थोडा उंच. वत्सला वाईट खेळायची असं मी म्हणणार नाही. पण तिचा हात चुकला तेव्हा लोकांना चूक दिसली नाही, कारण तू ती आधीच झाकलेली असायचीस. आणि गरज पडली की तूच हाणायचीस. दुसऱ्या कॉलेजच्या मुली ‘त्या बुटक्या बूस्टरपासून सांभाळा’ म्हणून एकमेकींना सांगायच्या. आपल्या कॉलेजला तेवढं कधी समजलं नाही. नाही, चुकले. समजलं होतं.

कप ठरायचा तो सीझनवर नाही. ही आपल्याकडची रीत मी इतरांना सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही. कॉलेज डेच्या दुपारी मैदानावर पाहुण्यांसाठी सामना व्हायचा, आपल्यातल्याच दोन टीमचा. रेन ट्रीच्या सावलीत वेताच्या खुर्च्या, मध्ये चहाची किटली, कमिटीचे सभासद आणि त्यांच्या बायका. त्यांनी बिस्किटं खात जिला पसंत करायचं तिला कप. सगळ्या मुली त्याला ‘चहाचा सामना’ म्हणायच्या. वर्षभर जिंकलेल्या मॅचेस, सुजलेली बोटं, सगळं बाजूला. बांगड्या सांभाळत कुणीतरी विचारायचं, “ती उंच उडी मारणारी कोण?” आणि झालं.

वत्सलाचे वडील त्याच कमिटीवर होते. नवी नेट त्यांनीच दिली होती. बाहेरच्या मॅचेसना जायला गाडीही त्यांचीच यायची, आणि त्या गाडीत पुढच्या सीटवर मिस बसायच्या.

मिस तुझ्याशी कधी वाईट वागल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या तुझ्या पाठीवर हात फिरवत तुझं वाटोळं करत होत्या. संध्याकाळच्या पॅसेंजरसाठी तुला प्रॅक्टिस संपायच्या थोडं आधी पळावं लागायचं. ती चुकली तर के. आर. पुरमला जायला दुसरी गाडी रात्रीच. म्हणून तू सकाळी सगळ्यांच्या आधी यायचीस, नेट बांधायचीस, चुन्याच्या रेघा मारायचीस. ते सकाळचं येणं कुणी बघितलं नाही. संध्याकाळचं जाणं मात्र सगळ्यांच्या लक्षात राहील अशी व्यवस्था झाली. “अवर शकुंतला इज ऑल्वेज रनिंग,” मिस पाहुण्यांना हसत सांगायच्या. पाहुणे हसायचे. तूही हसायचीस, इंग्रजी अर्धं कळून.

चहाच्या सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तुला बोलावून घेतलं. मी बूट बांधत होते, शेजारीच. त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं, “शकुंतला, उद्या सगळे बॉल वत्सलाला दे. दुसऱ्या कुणाला नको. तिचे वडील बघायला येणार आहेत. आणि तू स्वतः मारू नकोस हं, बूस्टरनं मारलेलं पाहुण्यांना कळत नाही.” तू म्हणालीस, “सरी, मिस.” बरं, एवढंच.

मग आपण भांडलो. ते भांडण अजून मिटलेलं नाही, शकू. कँटोन्मेंट स्टेशनच्या फलाटावर, तुझी पॅसेंजर येईपर्यंत. मी आयुष्यात कुणाशी एवढ्या मोठ्यानं बोलले नव्हते. शेंगावाला टोपली उचलून लांब जाऊन बसला.

मी म्हटलं, “दे ना मग तिला बॉल. पण वाईट दे. थोडा मागे दे, थोडा बुटका दे. दिसू दे सगळ्यांना ती काय खेळते ते.”

तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी काहीतरी घाण बोलले.

“बॉल वाईट कसा देऊ?”

“मुद्दाम.”

“न्हाई यायचं मला ते.”

“मद्रास हवंय ना तुला?”

“हवंय की. म्हणून काय हात खोटा करू? उद्या मद्रासला जाऊन पोरींना काय शिकवू मग? कप पायजे असला की बॉल असा पाडायचा, असं?”

“त्या खोटं करताहेत!”

“त्यांचं त्यांच्यापाशी. तू लई शिकल्यालीस बाई, तुला असलं सुचतंय.”

तू जिंकलीस असं तुला वाटलं, आणि मला वाटलं तू मूर्ख आहेस. आजही मला तुझं म्हणणं पूर्ण पटलेलं नाही. रात्री कधी वाटतं तू बरोबर होतीस. सकाळी वत्सलाच्या शोकेसमधला कप आठवला की वाटतं, एकच बॉल, शकू. एकच बॉल वाईट दिला असतास तर काय बिघडलं असतं? तुझं उत्तर मला येतं. तरी प्रश्न जात नाही.

दुसऱ्या दिवशी तू असे बॉल उचललेस की वत्सला सबंध सीझनमध्ये खेळली नव्हती तशी खेळली. खुर्च्यांमधून ‘वंडरफुल’ ऐकू येत होतं. एकदा मात्र बॉल नेटच्या वर अगदी तुझ्या हातात आला. मारलास तर पॉइंट नक्की. बाकावर मी उभी राहिले. तू तोही मागे उचलून वत्सलाला दिलास. ती हाणताना तू खाली वाकली होतीस. तुझ्या डोक्यावरून बॉल गेला, आणि टाळ्याही.

कप देताना मिसनी माईकवर कारणही सांगितलं: खेळ, नियमितपणा आणि ऐट. ऐट हा माझा शब्द. त्यांनी ‘बेअरिंग’ म्हटलं होतं. तू मला विचारलंस, “ते बेरिंग म्हणजे काय गं? सायकलीत असतंय ते?” मी सांगितलं, चालणं, बोलणं, उभं राहणं. तू आपल्या खडूच्या बुटांकडे पाहिलंस आणि म्हणालीस, “मग ऱ्हाऊ दे.” त्यानंतर फोटो काढला.

अण्णांना मी सांगते म्हटलं तर तू मला शपथ घातलीस. “तू मैत्रीण. तू माझ्याच बाजूनं बोलणार. अण्णाला वाटंल मीच शिकवून पाठवली. सांगायचं तर कालेजानं सांगावं, कालेजात. तुझ्या-माझ्या सांगण्याला काय किंमत न्हाई.” म्हणून त्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात मी कॉफीचा पेला हातात धरून गप्प बसले. तुझी शपथ चुलीजवळच्या अंधारात बसली होती, तुझ्यासारखीच उकिडवी.

कपामुळे तू गेलीस असं मी म्हणत नाही. तुला कावीळ झाली. कावीळ कपवाल्यांनाही होते. पण तू शेवटचं वर्ष टायपिंगच्या क्लासात काढलंस. मला म्हणालीस, “बोटं तीच हायत, काम बदललं.” ते आठवलं की मला रडू येत नाही. शिसारी येते. त्या वेताच्या खुर्च्यांची, त्या बिस्किटांची, त्या गोड आवाजाची.

आणि तरी, शकू, तुझ्यामुळे मला एक गोष्ट मिळाली. बॉल आला की हात मागे न घेणं. मी कधी बरी खेळले नाही. पण रस्त्यात, घरात, परीक्षेच्या हॉलमध्ये कितीदा तरी माझी बोटं ओढल्यासारखी वाटतात. तुला हे सांगायचं राहिलं. तू चेष्टाच केली असतीस.

आता सभेचं सांगते. वत्सला आली होती. लग्न झालंय तिचं. तुझ्या फोटोसमोर ती खरं रडली. माझ्याजवळ येऊन इंग्रजीत म्हणाली, “ती मला प्रत्येक बॉल द्यायची.” मी मान हलवली. त्या दिवशी त्या हॉलमध्ये बोललं गेलेलं पहिलं खरं वाक्य तिचं होतं, हे तुला आवडलं असतं.

प्रिन्सिपॉलबाई बोलल्या. तू कॉलेजचं रत्न होतीस म्हणे. तुझ्या नावानं दरवर्षी एक कप द्यायचं कमिटीनं ठरवलंय. उत्तम खेळाडू मुलीला. निवड? नेहमीप्रमाणे, कॉलेज डेच्या सामन्यात, पाहुण्यांकडून. रेन ट्री, किटली, खुर्च्या, सगळं तसंच, आणि कपावर तुझं नाव. कुणीतरी मुलगी कुणाला तरी बॉल उचलून देणार आणि तुझं नाव तिसरीच्या शोकेसमध्ये जाणार.

अण्णांना इंग्रजी कळत नव्हतं. ते तुझं नाव आलं की हात जोडत होते. म्हणून मिस त्यांच्याजवळ वाकल्या आणि कन्नडमध्ये समजावून सांगू लागल्या. मी माईकपाशी उभी होते, माझंच नाव पुकारलं होतं, आणि मला सगळं ऐकू आलं. तुझ्या नावाचा कप निघतोय, त्या म्हणाल्या. मग, पाठीवर हात ठेवून, “फार गुणी मुलगी होती. स्वल्प नियमित असती ना, तर तिलाही एखादे वर्षी कप मिळाला असता.”

शकू, अण्णा उठून उभे राहिले. सबंध हॉलसमोर. त्यांनी मिसना हात जोडले आणि कन्नडमध्येच म्हणाले, “लेकरू चुकलं असंल, अम्मा. मनावर घेऊ नका.”

मिस म्हणाल्या, “छे, छे, तसं काही नाही. बसा.”

त्यांनी माफी घेतली, शकू. परत नाही केली. घेतली.

मला वाटतं मी तेव्हा घाबरलेली होते. माईकमधून माझा श्वास ऐकू येत होता. इंग्रजीतलं पाठ केलेलं पहिलं वाक्य तोंडाशी होतं. कॉलेजानं सांगावं, कॉलेजात, असं तू म्हणाली होतीस. कॉलेज काही सांगणार नव्हतं. पण मी कॉलेजात उभी होते, कॉलेजच्या माईकसमोर, आणि ते सगळे समोर बसले होते. कुणी खोटं म्हणायचं असेल तर तिथेच म्हणू शकत होतं. मी मराठीत बोलले. दुसऱ्या कुठल्या भाषेत अण्णांशी बोलायचं मला येत नाही.

“काका, तुम्ही माफी मागू नका. शकू तुमच्याशी खोटं बोलली नाही. सगळ्यांत चांगली तीच खेळायची. कप तिचा होता. सगळे बॉल वत्सलाला दे, असं मिसनी तिला आदल्या दिवशी सांगितलं. मी शेजारी होते. शकूनं दिले. एकही वाईट दिला नाही. मग कप वत्सलाला दिला, कारण तिचे वडील कमिटीवर होते.”

वत्सला, मिस, कप, कमिटी, एवढे शब्द मराठी न येणाऱ्यालाही कळण्यासारखे होते. वत्सला मान खाली घालून बसली होती आणि तिनं नाही म्हटलं नाही. अण्णा उभेच होते. ते मिसकडे बघत होते. मिस फोटोकडे.

प्रिन्सिपॉलबाईंनी माईकवर हात ठेवला आणि हसऱ्या चेहऱ्यानं, दात आवळून, मला विचारलं, काय चाललंय, आम्हाला समजेल अशा भाषेत बोल.

मग मी इंग्रजीत बोलले. मोठ्यानं, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं.

“तुम्हाला ठाऊकच आहे, मॅडम. मी तिच्या वडिलांना सांगतेय.”